मुसोलिनी आणि वेळेवर धावणाऱ्या आगगाड्या

कचेरीत कागद अडकला, अथवा आगगाडी दोन तास उशिरा आली, म्हणजे कोणी तरी सुस्कारा टाकून बोलतो की, देशास एक कडक हुकूमशहा पाहिजे. मुसोलिनीच्या राज्यात गाड्या कशा घड्याळाप्रमाणे धावत असत! हे बोलणे आमच्या वाचकांच्याही कानी पडले असेल. म्हणून त्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देतो.

बेनितो मुसोलिनी हा ता. २९ जुलै १८८३ रोजी इटलीच्या रोमान्या प्रांतात प्रेदाप्पिओ येथे जन्मला. बाप लोहार, आई शाळेत शिक्षिका. तो स्वतःही काही काळ शिक्षक होता. पुढे तो समाजवादी पक्षाच्या आवान्ती नामक पत्राचा संपादक झाला. परंतु इटलीने महायुद्धात पडावे असा पुकारा त्याने केल्यामुळे १९१४ साली पक्षाने त्यास काढून टाकले. १९१९ साली त्याने मिलान शहरात आपला फॅसिस्ट संघ उभारला. त्याचे काळ्या सदऱ्यांचे लोक कामकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या संघांच्या कचेऱ्या जाळीत, विरोधकांस सोट्यांनी मारीत व बळेच एरंडेल पाजीत. आक्टोबर १९२२ मध्ये या टोळ्या रोमवर चालून निघाल्या. त्यांचा नायक मात्र त्यांच्याबरोबर चालत नव्हता. राजाचे बोलावणे आल्यावर तो मिलानहून रात्रीच्या आगगाडीने रोमला आला व मुख्य प्रधान झाला.

आता गाड्यांविषयी. पहिल्या महायुद्धात इटलीचे रूळ व इंजिने झिजून गेली होती. त्यांची दुरुस्ती पूर्वीच्या सरकारांनीच आरंभिली होती. तिचे फळ मुसोलिनीच्या पदरात पडले. पुढे त्याने पुष्कळ मार्गांवर विजेच्या गाड्या सुरू केल्या, व परदेशी प्रवासी ज्यांतून जात त्या मोठ्या गाड्या बऱ्याच सुधारल्या, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आडमार्गांवर खेड्यातील मनुष्य पूर्वीसारखाच फलाटावर ताटकळत बसे. त्याचे गाऱ्हाणे छापणार कोण? निवडणुकीतील लबाडी व जुलूम मात्तेओत्ती नामक सभासदाने लोकसभेत उघडकीस आणला, तेव्हा ता. १० जून १९२४ रोजी त्यास रोमच्या रस्त्यावरून पळवून नेऊन ठार मारण्यात आले. १९२६ सालापासून दुसरा पक्ष उरला नाही, स्वतंत्र वृत्तपत्रही उरले नाही. गाडी उशिरा आली असे म्हणणाराच नाहीसा केला, म्हणजे गाडी वेळेवर आलीच!

पाँतिनो दलदलीचे काम मात्र खरे होते. तेथील पाणी काढून १९३२ साली लित्तोरिया व १९३४ साली सबाउदिया ही नगरे वसविली, व हिवताप बराच हटला. गव्हाची गोष्ट वेगळी आहे. १९२५ साली त्याने गव्हाची मोहीम काढली. उघड्या अंगाने मळणी करीत असलेल्या मुसोलिनीची छायाचित्रे घरोघरी गेली. बाहेरचा गहू कमी झाला खरा. परंतु जकातीमुळे भाकरी महाग झाली, चराऊ रानेही गव्हाखाली गेली, गुरे, फळबागा व जैतुनाची लागवड मागे पडली. मजुरांची मजुरी तर सरकारी हुकुमानेच कापली गेली.

त्याने एकाच वेळी अनेक खाती आपल्या हाती ठेविली होती. तो रात्रंदिवस राबतो असे लोकांस वाटावे म्हणून त्याच्या कचेरीच्या खिडकीत रात्री दिवा जळत ठेवीत. खोटा हिशेब त्यास सांगणारे पुष्कळ. खरा सांगणारा विरळा. १९३८ साली लष्कराच्या प्रत्येक डिव्हिजनमध्ये तीनऐवजी दोनच रेजिमेंटी ठेवून डिव्हिजनांची संख्या फुगविली. १९३५-३६ साली विमानांतून विषारी वायू सोडून दुबळ्या इथिओपियास जिंकिले होते, तेवढ्यावर त्याचा गर्व चढला होता.

ता. १० जून १९४० रोजी तो दुसऱ्या महायुद्धात पडला. आपली व्यापारी जहाजे आधी घरी बोलवावी एवढेही त्यास सुचले नाही. सुमारे एक तृतीयांश जहाजे परक्या बंदरांत अडकून गेली. आक्टोबरात लाखो शिपायांस घरी पाठविण्याचा हुकूम सुटला, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस ग्रीसवर स्वारी केली! ग्रीकांनी त्यास आल्बेनियात मागे रेटले, व डोंगरातील थंडीने कित्येक गरीब शेतकऱ्यांच्या मुलांचे पाय गोठून गेले. त्याच हिवाळ्यात आफ्रिकेत सुमारे ३६,००० इंग्रजी सैन्याने त्याचे सुमारे १,३०,००० शिपाई धरिले. पुष्कळ इटालियन कैद्यांस हिंदुस्थानातील छावण्यांत ठेविले होते.

ता. २५ जुलै १९४३ रोजी त्याच्याच मंडळाचे बहुमत उलटले, व राजाने त्यास कैद केले. जर्मनांनी सोडवून उत्तर इटलीत त्यास गादीवर बसविले. पण ते राज्य नावाचेच होते. त्या मुलखासाठी चाललेल्या लढाईत १० जुलै १९४४ रोजी आमच्या कोकणचा नाईक यशवंत घाडगे हा मराठा पलटणीतील शिपाई धारातीर्थी पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४५ मध्ये जर्मन शिपायाचा डगला घालून, जर्मन लॉरीत लपून मुसोलिनी पळत असता त्याच्याच देशबांधवांनी त्यास कोमो सरोवराच्या काठी पकडले, व दुसऱ्या दिवशी, ता. २८ रोजी, गोळ्या घातल्या.