राणी दुर्गावती : कारभार जवळून पाहणारी गढा-मंडल्याची राज्यकर्ती

जबलपूर शहराच्या उत्तर भागात गोहलपुर ही गजबजलेली वस्ती आहे. तिच्या आसपास वावरणाऱ्यांच्या तोंडी राणीताल, चेरीताल आणि आधारताल ही नावे रोज येतात. ही मुळात तलावांची नावे असून पुढे ती वस्त्यांना मिळाली. राणीताल गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने, चेरीताल तिच्या दासीने आणि आधारताल तिचा दिवाण अधारसिंह कायस्थ याने बांधविला, असे परंपरा सांगते. राज्यात उभ्या राहिलेल्या कामाला राज्यकर्त्याचेच नाव मिळावे, ही जुन्या काळची सर्वसाधारण रीत होती. येथे मात्र राणीच्या बरोबरीने दिवाण आणि दासी यांचीही नावे साडेचारशे वर्षे टिकून राहिली आहेत. दुर्गावतीच्या राज्यकारभाराचे एक मर्म या तीन नावांत सापडते.

दुर्गावतीचा जन्म परंपरेनुसार ५ ऑक्टोबर १५२४ रोजी कालिंजरच्या किल्ल्यात झाला. ती चंदेल राजघराण्यातील कन्या होती. तिचे पिता राठ आणि महोबा या प्रदेशाचे अधिपती होते, अशी नोंद मोगल दरबाराचा इतिहासकार अबुल फजल याने केली आहे. खजुराहोची मंदिरे उभारणाऱ्या चंदेलांचे वैभव त्या वेळी ओसरले होते. तथापि घराण्याचा मान कायम होता. १५४२ मध्ये तिचा विवाह गोंड राजा संग्रामशाह याचा पुत्र दलपतशाह याच्याशी झाला. बावन्न गढांचा स्वामी म्हणून संग्रामशाहाची ख्याती होती आणि नर्मदेच्या दोन्ही तीरांवर त्याचे राज्य पसरले होते. चंदेल आणि गोंड या दोन घराण्यांचा हा संबंध त्या काळात असाधारण मानला गेला.

१५४५ मध्ये पुत्र वीरनारायण याचा जन्म झाला. त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी दलपतशाह मरण पावला. अल्पवयीन पुत्राला गादीवर बसवून दुर्गावतीने राज्याची सूत्रे हाती घेतली. अधार कायस्थ आणि मान ब्राह्मण हे दोघे तिचे प्रमुख साहाय्यक होते. तिने राजधानी सिंगोरगडाहून सातपुड्यातील दुर्गम चौरागडावर हलविली. पुढील सुमारे चौदा वर्षे तिने हे राज्य चालविले.

या राज्याचा पसारा मोठा होता. अबुल फजलच्या नोंदीनुसार त्यात तेवीस हजार लागवडीची गावे होती. त्यांपैकी बारा हजार गावांवर राणीने नेमलेले शिकदार कारभार पाहत असत. उरलेली गावे मांडलिक प्रमुखांच्या ताब्यात होती आणि ते प्रमुख दरबारी हजर राहून आज्ञा पाळीत. या व्यवस्थेत तारतम्य दिसते. जेथे स्थानिक प्रमुखांची मुळे खोल गेली होती, तेथे तिने त्यांना हटविले नाही. निष्ठा आणि हजेरी यांवर ती समाधानी राहिली. उरलेल्या अर्ध्याहून अधिक गावांत मात्र तिने मध्यस्थ ठेवला नाही. शिकदार तिचा, हिशेब तिच्याकडे आणि जबाबही तिलाच. कोठे स्वतः लक्ष घालावे आणि कोठे दुसऱ्यावर सोपवावे, याची सीमारेषा तिने आखून घेतली होती.

जलसंधारणाच्या कामांतही हीच वृत्ती आढळते. जबलपूर आणि गढा हा परिसर खडकाळ आहे. पावसाळ्यात येथे ओढे फुगतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. अशा भूमीत तलाव हाच शेतीचा आणि वस्तीचा आधार होता. गोंड राजांच्या काळात या परिसरात अनेक तलाव झाले. त्यांतील एक दिवाणाच्या आणि एक दासीच्या नावे ओळखला जावा, याचा अर्थ ते काम त्या व्यक्तींचे मानले गेले. देखरेख राणीची असली, तरी कर्तृत्वाचे श्रेय करणाऱ्याकडे राहिले.

राणीला शिकारीची आवड होती. वाघ दिसल्याची वार्ता आली की त्याला बंदुकीने टिपल्याशिवाय ती पाणीही घेत नसे, असे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. शत्रुपक्षाच्या दरबारी इतिहासकाराने केलेली ही नोंद असल्यामुळे तिचे मोल अधिक आहे. तिच्या स्वभावातील हा धडाका युद्धातही दिसला. १५५६ च्या सुमारास माळव्याच्या गादीवर आलेल्या बाजबहादुराने गढा-मंडल्यावर स्वारी केली. दुर्गावतीने ती परतवून लावली. मियाना अफगाणांशीही तिचे सामने झाले. वीस हजार घोडदळ आणि एक हजार हत्ती असे तिचे सैन्यबळ सांगितले जाते. लढाईच्या वेळी ती स्वतः सैन्याच्या अग्रभागी असे.

याच काळात उत्तरेत अकबराची सत्ता विस्तारत होती. कडा-माणिकपूरचा मोगल सुभेदार आसफखान याने पन्ना परिसरातील भट्टाचे राज्य नमविले आणि त्याची सीमा गढा-मंडल्याला भिडली. आरंभी त्याने राणीशी सलोख्याचे वर्तन ठेवले. परंतु त्याच वेळी त्याचे हेर आणि व्यापारी तिच्या राज्यातील वाटा, घाट आणि खजिना यांची माहिती गोळा करीत होते. १५६४ मध्ये सुमारे दहा हजार घोडदळ आणि मोठे पायदळ घेऊन तो दमोहपर्यंत येऊन थडकला.

येथे दुर्गावतीच्या कारभारातील उणीव उघड झाली. शत्रू दाराशी आला तेव्हा तिचे सैन्य विखुरलेले होते. अनेक शिपाई आपापल्या कुटुंबांच्या रक्षणासाठी निघून गेले आणि राणीजवळ पाचशेच माणसे उरली. दिवाण अधारने ही परिस्थिती तिच्यासमोर मांडली, तेव्हा तिने या अनर्थाला त्याचाच गाफीलपणा कारणीभूत असल्याचे सुनावले आणि पळून जाण्याचा विचार धुडकावला. राणीचा संताप समजण्यासारखा असला, तरी दोष एकट्या दिवाणाचा नव्हता. बारा हजार गावांच्या हिशेबावर जिची नजर होती, तिची नजर या वेळी सैन्याच्या सज्जतेवर तितक्या काटेकोरपणे राहिली नव्हती. सोपविलेल्या कामाची वेळोवेळी विचारपूस झाली नाही, तर विश्वास आणि दुर्लक्ष यांतील अंतर कसे पुसले जाते, याचे हे उदाहरण आहे.

त्यानंतर राणीने सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. गढ्याच्या पूर्वेस नर्रई येथे डोंगरांनी वेढलेली अवघड जागा आहे. एका बाजूला गौर नदी आणि दुसऱ्या बाजूला नर्मदा आहे. तेथे तिने तळ दिला आणि हळूहळू काही हजार सैन्य जमले. मोगलांच्या पहिल्या हल्ल्यात खिंडीच्या तोंडाशी हत्तीदलाचा प्रमुख अर्जुनदास बैस लढता लढता पडला आणि खिंड शत्रूच्या हाती गेली. राणीने चिलखत चढविले आणि ती हत्तीवर आरूढ झाली. मात्र तिने लगेच धावून जाण्याची आज्ञा दिली नाही. शत्रूला खिंडीत पुरता आत येऊ द्यावे आणि मग चोहोबाजूंनी तुटून पडावे, असे तिने सैनिकांना बजावले. तसेच घडले. मोगलांचे सुमारे तीनशे सैनिक कामी आले आणि उरलेल्यांचा पाठलाग झाला. त्या दिवसाचा विजय राणीचा होता.

संध्याकाळी तिने सरदारांना एकत्र बोलाविले. त्याच रात्री शत्रूच्या तळावर छापा घालावा. अन्यथा सकाळी आसफखान तोफा आणून खिंडीचे तोंड अडवील, असे तिचे मत होते. सरदारांना ते पटले नाही. राणीने त्यांच्यावर आज्ञा लादली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वर्तविले होते तेच घडले. तोफा आल्या आणि खिंडीचा मार्ग शत्रूने बळकट केला. रणभूमीची नस ओळखणाऱ्या राणीने त्या रात्री बहुमतापुढे माघार घेतली नसती, तर युद्धाचा निकाल वेगळा लागला असता काय, हा प्रश्न अभ्यासकांना आजही पडतो. थकलेल्या सैन्याला मनाविरुद्ध अंधारात लोटणे धोक्याचे होते, हेही तितकेच खरे. सहकाऱ्यांचे ऐकावे केव्हा आणि त्यांना बाजूला सारून निर्णय घ्यावा केव्हा, याला ठरीव उत्तर नसते. त्याची किंमत मात्र ठरलेली असते.

२४ जून १५६४ रोजी राणी सरमन नावाच्या आपल्या हत्तीवर बसून पुन्हा रणात उतरली. तरुण वीरनारायणाने मोगलांना तीनदा मागे रेटले आणि अखेर तो जखमी झाला. त्याला सुरक्षित स्थळी नेण्याची आज्ञा राणीने विश्वासू माणसांना दिली. त्याच्याबरोबर सैन्याचा मोठा भाग रणातून बाहेर पडला आणि राणीजवळ तीनशे जण उरले. एक बाण तिच्या कानशिलात रुतला. तिने तो उपसून काढला, परंतु टोक आतच राहिले. दुसरा बाण मानेत लागला आणि ती बेशुद्ध झाली. भानावर येताच पराभव समोर दिसला. शत्रूच्या हाती जिवंत लागू नये म्हणून हत्तीवर पुढे बसलेल्या निष्ठावान सेवकाला तिने आपल्यावर खंजीर चालविण्यास सांगितले. त्याचा हात धजेना. तिला दूर नेण्याची तयारी त्याने दाखविली. तेव्हा राणीने स्वतःच खंजीर घेऊन प्राणत्याग केला.

हत्तीवरील सेनापती सर्व सैन्याला दिसतो आणि त्यामुळे सैन्याला धीर येतो. पण तो दिसेनासा झाला की तोच धीर क्षणात सुटतो. १५५६ मध्ये पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण लागताच त्याची फौज उधळली. १७६१ मध्ये त्याच भूमीवर विश्वासराव पडल्यानंतर मराठी सैन्यात हाहाकार उडाला, ही सल महाराष्ट्राच्या मनात अजून आहे. नर्रईची कथा याच जातीची आहे. राणीच्या सान्निध्याने सैन्य लढले, आणि तिच्यानंतर लढाई पुढे नेईल असा दुसरा कोणी तेथे उरला नव्हता.

सुमारे दोन महिन्यांनी चौरागड पडला. वीरनारायण लढताना मारला गेला आणि किल्ल्यातील स्त्रियांनी जोहार केला. मोठा खजिना आणि एक हजार हत्ती आसफखानाच्या हाती लागले. त्यांपैकी दोनशेच हत्ती त्याने बादशहाकडे पाठविले. पुढे दहा गढ घेऊन अकबराने उरलेले राज्य दलपतशाहाचा भाऊ चंद्रशाह याला दिले. अशा रीतीने गढा-मंडल्याचे गोंड राज्य आणखी दोन शतके टिकले आणि १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते जिंकून घेतले. देवगड आणि चांदा येथील गोंड राज्यांमुळे विदर्भालाही हा वारसा आपलाच वाटतो.

नर्रईजवळ, बरेला परिसरात राणीची समाधी आहे. वाटसरूंनी तेथे आसपासचा पांढरा चकचकीत खडा वेचून अर्पण करावा, अशी जुनी प्रथा आहे. शेजारचे दोन मोठे पाषाण म्हणजे राणीचे नगारे होत आणि रात्री त्यांचा नाद ऐकू येतो, अशी लोकश्रद्धा आहे. जबलपूरच्या विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले असून २४ जून हा दिवस बलिदान दिन म्हणून पाळला जातो. तिचे शौर्य सर्वश्रुत आहे. तिच्या कारभाराची खूण मात्र गोहलपुरच्या परिसरातील त्या तीन नावांत राहिली आहे. त्या नावांपैकी राणीचे एकच आहे. उरलेली दोन तिच्यासाठी काम करणाऱ्यांची आहेत.