नकारानंतरचे पाचारण : संत गोन्सालो गार्सिया

आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटली की ख्रिस्तसभा आपणांस वाट पाहावयास शिकविते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोटापाण्यासाठी दुरून आलेल्या आणि पालघर परिसरात स्थिरावू पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा पाठ निराळा द्यावा लागत नाही. याच जिल्ह्याच्या भूमीतील एक तरुणही असाच दूरदेशी गेला होता. या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल असताना, १५५७ च्या सुमारास, वसई येथे संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच.

येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत ते वाढले आणि कोवळ्या वयातच त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, धर्मशिक्षक म्हणून सुमारे आठ वर्षे सेवा केली. त्या संघात व्रतस्थ व्हावे, ही त्यांची एकच इच्छा होती. ती अनुमती त्यांना मिळाली नाही. तरुणांच्या पाचारणाची पारख करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना जीवनचरित्राचे हे पान वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते.

गोन्सालो व्यापारात उतरले. धंदा वाढला, पण मन रमले नाही. व्यापारानिमित्त ते मनिला येथे गेले आणि तेथे त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला. ज्याचा त्यांनी विचारही केला नव्हता, ते दार उघडले. ते तेथे व्रतस्थ बंधू झाले. पुढे १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या गव्हर्नरांनी फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना राजदूत म्हणून जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे पाठविले, तेव्हा दुभाषा हवा होता. धर्मशिक्षक असताना कमावलेली ती भाषा आता कामी आली आणि ज्या भूमीवरून ते निराश होऊन निघाले होते, तेथेच बंधू गोन्सालो व्रतस्थाच्या वेशात परतले. क्योटोत या बंधूंनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले.

देवाचे आश्चर्य नेहमी सुखाचेच असते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर १५९६ मध्ये, आगमनकाळाच्याच दिवसांत, त्यांना अटक झाली. क्योटोत कान कापून, भर हिवाळ्यात त्यांची नागासाकीपर्यंत धिंड काढण्यात आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर देण्यात आले. त्यांत येशूसंघाचे तिघे होते. ज्या संघात प्रवेश मिळाला नव्हता, त्याच संघाच्या बंधूंशेजारी गोन्सालोंचाही क्रूस उभा राहिला.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.