जुन्या बुलेटचा मीटर ज्याच्या शोधावर चालतो, तो गडी आधी पुस्तकं शिवायचा

नांदेड असो की लातूर, जुनी बुलेट, राजदूत नाहीतर येझदी जिवापाड जपणारा एखादा तरी गडी आपल्या ओळखीत असतोच. गाडीची टाकी चमकत असते, फायरिंगचा आवाज दोन चौक आधी कळतो, किक मारली की गाडी सुरू. फक्त मीटरचा काटा शून्यावर झोपलेला असतो. नाहीतर तीसच्या स्पीडला वीस ते साठच्या मध्ये नाचत असतो.

मग बहुतेक वेळा एकच होतं. जुना मीटर भंगारात जातो आणि त्या जागी बाजारातला डुप्लिकेट मीटर बसतो.

आता याच दोन शहरांची दुसरी ओळख म्हणजे क्लासेस. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं, नांदेडनंही नीटच्या तयारीत जम बसवला. तिथं हजारो पोरं फिजिक्सच्या वहीत फॅरेडेचा नियम, लेन्झचा नियम आणि एडी करंट पाठ करतात. आणि गंमत बघा, क्लासच्या खाली पार्किंगमध्ये एखादी जुनी गाडी उभी असेल, तर तिच्या मीटरमध्ये नेमकं तेच एडी करंट काम करत असतं. त्याला बॅटरी लागत नाही, सेन्सर लागत नाही, चिप लागत नाही.

ही भानगड ज्यानं जगाला पहिल्यांदा उलगडून सांगितली त्याचं नाव मायकल फॅरेडे. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, गणितात कच्चा असलेला माणूस. त्याची गोष्ट समजली की बंद मीटर कसा उघडायचा आणि दोष कुठं शोधायचा, हेही समजतं.

तर सुरुवात होते 1791 सालापासून. 22 सप्टेंबरला लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स भागात फॅरेडेचा जन्म झाला. वडील जेम्स लोहार होते, पण तब्येत साथ देत नव्हती. काम कमी, खाणारी तोंडं जास्त. महागाईच्या दिवसांत लहान मायकलच्या वाट्याला एक पाव यायचा आणि तोच आठवडाभर पुरवायचा, इतकी घरची परिस्थिती बेताची होती. शाळेत लिहिणं, वाचणं आणि थोडी आकडेमोड एवढंच झालं.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. आधी घरोघरी वर्तमानपत्रं पोहोचवायची, मग सात वर्षं बाइंडिंगचं काम शिकायचं. पानं जुळवायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा. फरक एवढाच की हा पोरगा शिवायला आलेली पुस्तकं वाचायचासुद्धा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तक, या दोन गोष्टींनी त्याला वेड लावलं. वाचलेलं खरं आहे का हे बघायला तो जमवलेल्या पैशातून सामान आणून प्रयोग करायचा. मालक रिबोही भला माणूस, त्यानं कधी आडकाठी केली नाही.

शहरात संध्याकाळी विज्ञानाची व्याख्यानं व्हायची, एका व्याख्यानाची फी एक शिलिंग. ते पैसे मायकलला त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट द्यायचा. तोही लोहारच.

1812 मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळातला स्टार शास्त्रज्ञ. फॅरेडेनं चार व्याख्यानं ऐकली, नोट्स काढल्या, त्या आकृत्यांसकट स्वच्छ लिहिल्या, स्वतःच्या हातानं बाइंडिंग केलं आणि थेट डेव्हींना पाठवून दिलं. लगेच नोकरी मिळाली नाही. पण काही महिन्यांनी तिथला प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी केल्याबद्दल कामावरून गेला आणि मार्च 1813 मध्ये ती जागा फॅरेडेला मिळाली. सोबत माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या लांबच्या दौऱ्यावर निघाले. फॅरेडे मदतनीस म्हणून सोबत गेला, पण डेव्हींचा नोकर ऐनवेळी यायला तयार झाला नाही, त्यामुळं ती कामंही याच्याच गळ्यात पडली. डेव्हींच्या पत्नी त्याला गडी समजूनच वागवायच्या. फॅरेडे इतका वैतागला की परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. पण याच दौऱ्यात अँपिअर, व्होल्टा यांच्यासारखी माणसं त्याला जवळून बघता आली. अपमान गिळून तो टिकला.

1821 मध्ये त्यानं विजेच्या तारेला चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवलं. आजच्या मोटारीची ही पहिली झलक. पण त्यावरून बोभाटा झाला की यानं विल्यम वोलास्टन या मोठ्या शास्त्रज्ञाची कल्पना उचलली. पुढं 1824 मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्याचं नाव आलं, तेव्हा तिथले अध्यक्ष खुद्द डेव्ही होते आणि त्यांनीच विरोध केला. ज्यानं हात धरून आणलं तोच आडवा आला. तरीही फॅरेडे निवडून आला, विरोधात एकच मत पडलं.

आता येतो आपल्या मीटरचा विषय.

1824 च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्रान्स्वा अरागो यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. तांब्याची चकती फिरवायची आणि तिच्यावर चुंबकाची सुई टांगायची. चकती फिरली की सुईही तिच्यामागं फिरायला लागायची. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. बरं, तांब्याला चुंबक चिकटतही नाही. वाऱ्यानं होतंय म्हणावं तर मधे पडदा घातला तरी सुई फिरतेच. युरोपातली मोठमोठी डोकी यावर चालली, पण नेमकं कारण कुणाच्या हाती लागेना.

उत्तर मिळालं 1831 मध्ये. 29 ऑगस्टला फॅरेडेनं एका लोखंडी कड्याला तारेची दोन वेटोळी घातली. एका वेटोळ्यात वीज सोडली किंवा तोडली की दुसऱ्यात क्षणभर वीज चमकून जायची. 17 ऑक्टोबरला त्यानं वेटोळ्यात नुसतं चुंबक आत-बाहेर केलं, तरी वीज तयार झाली. आणि 28 ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यानं सलग वीज काढून दाखवली.

इथं अरागोंचं कोडं सुटलं. चुंबक आणि धातू एकमेकांजवळून सरकले की धातूच्या आत वीज तयार होते. ही वीज स्वतःही चुंबकासारखी वागते आणि समोरच्याला ओढते. नदीच्या पाण्यात भोवरे उठतात तशी ही वीज धातूच्या आत गोल गोल फिरते, म्हणून पुढं तिला एडी करंट म्हणजे भोवऱ्यासारखा प्रवाह असं नाव पडलं. 1834 मध्ये लेन्झ यांनी या विजेच्या दिशेचा नियम सांगितला, 1855 मध्ये फूको यांनी तिच्यामुळं धातू तापतो हे दाखवलं. आणि 1902 मध्ये जर्मनीत ओटो शुल्झे यांनी याच तत्त्वावर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं.

आता जुन्या गाडीचा मीटर डोळ्यांसमोर आणा. पुढच्या चाकातून, काही गाड्यांत गिअरबॉक्समधून, एक केबल वर येते. तिच्या आतली तार चाकासोबत फिरते आणि मीटरमधलं छोटं चुंबक फिरवते. चुंबकावर अॅल्युमिनियमची एक वाटी असते, त्याला न चिकटलेली. चुंबक फिरलं की वाटीत एडी करंट तयार होतो आणि वाटी त्याच्यामागं ओढली जाते. वाटीच्या दांड्यावर काटा असतो आणि केसासारखी बारीक स्प्रिंग वाटीला मागं खेचते. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट, म्हणून काटाही दुप्पट सरकतो. डायलवरचे आकडे सारख्या अंतरावर असतात ते यामुळंच.

किलोमीटर मोजणारे आकडे मात्र या ओढीवर चालत नाहीत. ते त्याच तारेनं, पण दातेरी चाकांवर फिरतात. दुरुस्तीची सगळी किल्ली इथं आहे.

काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद असतील, तर मीटरला हात लावायच्या आधी केबल बघायची. मीटरकडचं टोक सोडवायचं, पुढचं चाक स्टँडवर उचलून हातानं फिरवायचं. आतली तार फिरत नसेल तर तार तुटली आहे किंवा चाकाजवळची गरारी झिजली आहे. मीटर बिचारा निर्दोष असतो आणि तरी बदलला जातो.

काटा नाचत असेल तर बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठंतरी तिला जास्त बाक आलेला असतो. तार अडकते, सुटते, पुन्हा अडकते आणि काटा तेच दाखवतो. तार काढून पुसायची, हलकं ग्रीस लावायचं, पण मीटरकडच्या टोकाची काही इंच कोरडी ठेवायची. नाहीतर ग्रीस वर चढून वाटीत जातं आणि काटा चिकटून भलतंच दाखवायला लागतो.

किलोमीटर पळतात पण काटा मेलेला आहे, तर दोष चुंबक, वाटी किंवा स्प्रिंगमध्ये. तेव्हा मीटर उघडावा लागतो. काचेभोवतीची पत्र्याची रिंग चारी बाजूंनी थोडी थोडी उचलायची, एकदम नाही. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटून वाटीला घासत असेल तर तो साफ करायचा. वाटीला तेल द्यायचं नाही आणि स्प्रिंगला बोट लावायचं नाही, ती वाकली की सगळा हिशोब चुकला. काटा कायम कमी दाखवत असेल तर वर्षांनुवर्षांनी चुंबक अशक्त झालेलं असू शकतं, ते जाणकाराकडून पुन्हा भारून घ्यावं लागतं. शेवटी मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून बघायचा.

हे करायला डिग्री लागत नाही, पण आत काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. फॅरेडेनं आयुष्यभर तेच केलं. समीकरणं त्याला जमत नव्हती, म्हणून तो चुंबकाभोवतीच्या बलाच्या रेषांचं चित्र मनात उभं करायचा. गणितातल्या लोकांना ते पटत नव्हतं. पुढं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याच चित्राला गणिताची भाषा दिली, तेव्हा त्याची खरी किंमत कळली.

प्रयोगांच्या नोंदींना तो नंबर घालायचा, ते सोळा हजारांच्या पुढं गेले. फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही त्यात आहेत. नाताळात मुलांसाठी त्यानं व्याख्यानांच्या 19 मालिका घेतल्या. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. पन्नाशीच्या आसपास तब्येत ढासळली, विसरभोळेपणा वाढत गेला. शेवटची वर्षं राणी व्हिक्टोरियानं दिलेल्या हॅम्प्टन कोर्टमधल्या घरात गेली. 25 ऑगस्ट 1867 रोजी तिथंच त्याचं निधन झालं. स्पीडोमीटर त्यानं कधी पाहिलाच नाही.

नांदेड-लातूरच्या क्लासमध्ये बसलेल्या पोरांना एडी करंट एका प्रश्नापुरता माहीत असतो. आणि गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोराला वाटतं की फिजिक्स आपल्यासाठी नाहीच. पण लोहाराच्या घरातला, बाइंडिंग करणारा पोरगा हाच धडा जगाला देऊन गेलाय. त्यामुळं मीटरचा काटा पडला, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा केबल सोडून चाक फिरवून बघा. जमलं तर बारावीतल्या एखाद्या पोराला शेजारी उभं करा.