झारच्या घोडदळातला अधिकारी अमेरिकेत सरकारी पगारावर कामगारांची चित्रं काढत होता

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टेलिग्राफ हिल नावाची टेकडी आहे आणि टेकडीवर कॉइट टॉवर. बरेच जण लिफ्टने वर जाऊन समुद्र बघतात, फोटो काढतात आणि खाली येतात. पण या टॉवरचा खरा ऐवज तळमजल्याच्या भिंतींवर आहे. गोदीतले हमाल, शेतमजूर, कारखान्यातले कामगार, वाचनालयात बसलेले लोक असं 1934 सालचं अख्खं कॅलिफोर्निया तिथे रंगवलेलं आहे. हे काम सरकारी खर्चाने झालं आणि त्याची तांत्रिक जबाबदारी होती व्हिक्टर अर्नाटॉफ या माणसावर.

हा गडी मुळात अमेरिकेचा नाहीच.

जन्म 1896 चा, रशियन साम्राज्यातला, आजच्या दक्षिण युक्रेनमधला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. बालपण मारिउपोलमध्ये गेलं. चित्रकलेची आवड होती, पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि पोरगा झारच्या घोडदळात अधिकारी झाला. पुढे क्रांती झाली, यादवी माजली. त्यात तो बोल्शेविकांच्या विरोधात, म्हणजे श्वेत सैन्याकडून लढला. ती बाजू हरल्यावर पळून चीनमध्ये गेला. तिथे मांचुरियाचा लष्करशहा झांग झुओलिन याच्या घोडदळाला त्याने प्रशिक्षण दिलं. तिथेच लिडियाशी लग्न झालं आणि संसार सुरू झाला.

1925 मध्ये तो विद्यार्थी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. वय 29, उराशी तेच जुनं चित्रकलेचं स्वप्न.

कलाशाळेतलं शिक्षण झाल्यावर 1929 मध्ये तो मेक्सिकोला गेला आणि दिएगो रिव्हेराचा सहाय्यक झाला. रिव्हेरा तेव्हा मेक्सिकोच्या राष्ट्रीय प्रासादाच्या भिंतींवर देशाचा इतिहास रंगवत होता. अर्नाटॉफ तिथे फ्रेस्को शिकला. यात ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरच रंग लावतात. गिलावा वाळताना रंग भिंतीत कायमचा बसतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. चुकलं तर तेवढा तुकडा खरवडून पुन्हा सुरुवात. चित्रकाराइतकंच हे गवंड्याचंही काम आहे.

तो 1931 मध्ये परतला तेव्हा अमेरिकेत महामंदीने लोकांचं कंबरडं मोडलं होतं. 1933 पर्यंत जवळपास दर चार कामगारांमागे एकाला काम नव्हतं. अशात चित्र कोण विकत घेणार?

जॉर्ज बिडल नावाचा चित्रकार राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा शाळासोबती. मेक्सिकोचं सरकार चित्रकारांना मजुरी देऊन भिंती रंगवून घेतं, तसं आपणही करावं, असं पत्र त्याने 1933 मध्ये रूझवेल्टना लिहिलं. डिसेंबरात 'पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट' सुरूही झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर चित्रकारांसाठीची रोजगार हमी. काही महिन्यांतच देशभरात साडेतीन हजारांहून जास्त कलावंतांना काम मिळालं.

कॉइट टॉवर तेव्हा नुकताच बांधून झाला होता, आतल्या भिंती कोऱ्या होत्या. सुमारे 25 चित्रकार कामाला लागले. आठवड्याला साधारण 25 ते 45 डॉलर मिळायचे, मंदीत ही रक्कम चांगलीच म्हणायची. फ्रेस्को येणारे लोक मोजकेच, म्हणून सूत्रं अर्नाटॉफकडे आली.

त्याचं स्वतःचं चित्र 'सिटी लाइफ'. भर रस्त्यावर गर्दी आहे, मोटारींचा अपघात झालाय आणि एका सुटाबुटातल्या माणसाला पिस्तूल दाखवून लुटलं जातंय. आजूबाजूचे लोक आपापल्या वाटेने चाललेत. पेपरच्या स्टॉलजवळ अर्नाटॉफ स्वतः उभा आहे आणि स्टॉलवर डाव्यांची नियतकालिकं आहेत. शहरातलं मोठं दैनिक 'क्रॉनिकल' मात्र तिथे नाही! रंगवणाऱ्याने खोड काढलीच.

पण प्रकरण खोडीवर थांबलं नाही. फेब्रुवारी 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधलं रिव्हेराचं भित्तिचित्र फोडून टाकलं गेलं, कारण त्यात लेनिन होता. कॉइट टॉवरमधल्या चित्रकारांनी त्याचा निषेध केला. मे महिन्यात गोदी कामगारांचा संप सुरू झाला. 5 जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली. त्याच आठवड्यात टॉवर लोकांसाठी उघडणार होता. एका चित्रकाराने कोयता-हातोडा काढल्याची बोंब वर्तमानपत्रांनी आधीच ठोकली होती. उद्घाटन पुढे ढकललं, दाराला कुलूप लागलं आणि ते चिन्ह काढून टाकलं गेलं. ऑक्टोबरमध्ये टॉवर उघडला. बाकीची चित्रं वाचली.

भिंत सरकारची, पैसा जनतेचा, मग त्यावर काय असावं हे कोण ठरवणार? अर्नाटॉफच्या मागे हा प्रश्न आयुष्यभर लागला.

टेक्सासमधल्या लिंडेन गावच्या पोस्ट ऑफिसात त्याने 1939 मध्ये कापूस वेचणारे मजूर रंगवले. पण त्याचं सगळ्यात गाजलेलं काम 1936 चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधलं. 13 चित्रं, जवळपास 1,600 चौरस फूट. विषय वॉशिंग्टन यांचं चरित्र. पाठ्यपुस्तकांत देवमाणूस असलेल्या वॉशिंग्टनच्या शेतावर राबणारे काळे गुलाम त्याने ठळक दाखवले. आणि पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पायाशी मूळ अमेरिकन माणसाचं प्रेत.

श्वेत सैन्यात लढलेला हा माणूस याच दशकात कम्युनिस्ट पक्षात गेला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात कला शिकवू लागला. 1955 मध्ये त्याने उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं व्यंगचित्र काढलं. ते शहराच्या कला महोत्सवातून उतरवलं गेलं, संसदीय समितीने त्याला चौकशीला बोलावलं, नोकरीवरून काढायची मागणी झाली. विद्यापीठाने काढलं नाही. 1961 मध्ये लिडिया मोटारीच्या धडकेत गेली. दोन वर्षांनी तो सोव्हिएत संघात, ज्यांच्याविरुद्ध लढून पळाला होता त्यांच्याच राज्यात, परतला. मारिउपोलमध्ये राहून इमारतींवर मोझेक केली. 1979 मध्ये लेनिनग्राडमध्ये त्याचं निधन झालं.

हायस्कूलचं भांडण मात्र संपलं नव्हतं. काळ्या विद्यार्थ्यांनी 1960 च्या दशकातच आक्षेप घेतला होता. रोज शाळेत येताना आपला पूर्वज मेलेला किंवा गुलाम म्हणूनच का बघायचा, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तेव्हा ड्युई क्रम्पलर या तरुण काळ्या चित्रकाराने तिथेच उत्तरादाखल नवी भित्तिचित्रं काढली, 1974 मध्ये ती पूर्ण झाली. 2019 मध्ये शाळा मंडळाने अर्नाटॉफची चित्रं रंग मारून पुसायचं ठरवलं. खर्चाचा अंदाज 6 लाख डॉलर. याला विरोध करणाऱ्यांत क्रम्पलर स्वतः होता. जुनं चित्र गेलं तर त्याच्या उत्तराला अर्थच उरत नव्हता.

ओरड झाल्यावर पुसण्याऐवजी झाकायचं ठरलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले. शेवटी 2022 मध्ये मंडळाने तोही निर्णय मागे घेतला. चित्रं भिंतीवर तशीच आहेत, क्रम्पलरचीही.