माधवराव सप्रे : माघारीनंतर उभे राहिलेले आयुष्य

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील शंकर नगर या वसाहतीतून जुन्या शहराकडे गेले, की बूढा तालाबाच्या परिसरात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा लागते. मराठी मातृभाषा असलेल्या या पत्रकाराला आधुनिक हिंदी पत्रकारितेच्या प्रवर्तकांमध्ये मानाचे स्थान आहे. त्यांच्या कार्याची यादी मोठी आहे. मात्र त्या कार्याच्या मध्यावर असलेल्या एका माघारीचा उल्लेख सहसा ओझरता केला जातो. अंगीकारलेले ध्येय हातून निसटल्यावर मनुष्य पुन्हा कशाच्या बळावर उभा राहतो, हा प्रश्न आज मानसशास्त्रीय संशोधनाचा विषय झाला आहे. सप्रे यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या जगण्यातून शोधले.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. पुढे त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळवली. त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळत असे आणि तिच्यामागोमाग प्रतिष्ठाही येत असे. सप्रे यांनी तो मार्ग नाकारला. पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून त्यांनी काम पत्करले आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर रायपूरचे वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. या मासिकाने हिंदीत ग्रंथसमीक्षेची शिस्त रुजवली. सप्रे यांची १९०१ मधील ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा याच मासिकात आली आणि ती आज हिंदीतील अगदी आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. मात्र वर्गणीदार अपुरे पडले, तोटा वाढत गेला आणि सुमारे तीन वर्षांत मासिक बंद करावे लागले.

यानंतर सप्रे नागपूरला गेले. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचावेत, या हेतूने त्यांनी १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवण्यात आले. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली सप्रे यांनाही अटक झाली.

कारागृहात असताना त्यांच्यावर कुटुंबीयांचा मोठा दबाव आला. वडील बंधू बाबूराव यांच्या निकराच्या आग्रहापुढे त्यांचा निश्चय ढळला. त्यांनी क्षमापत्रावर स्वाक्षरी केली आणि त्यांची सुटका झाली. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांचा हा अनुयायी क्षमा मागून घरी परतला होता. लोकांच्या नजरेतून ते उतरले. त्याहीपेक्षा स्वतःच्या नजरेतून उतरले.

त्यांनी काही काळ सार्वजनिक जीवनाचा त्याग केला. वर्ध्याजवळील हनुमानगड येथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषाच्या सहवासात ते राहिले. तेथे माधुकरी मागून त्यांनी उदरनिर्वाह केला आणि दासबोधाची वारंवार पारायणे केली. पदवीधर संपादकाने झोळी घेऊन दारोदार जावे, यात प्रायश्चित्ताची भावना स्पष्ट दिसते. पण सप्रे प्रायश्चित्तापाशी थांबले नाहीत. रायपूरला परतल्यावर त्यांनी दासबोध हिंदीत आणला.

प्रेरणा आणि ध्येय यांविषयीचे संशोधन या टप्प्यावर उपयोगी पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना कोडी सोडवण्यास दिली होती. ज्यांना त्यासाठी पैसे देण्यात आले, त्यांचा मोकळ्या वेळेतील कोड्यांतला रस नंतर कमी झाल्याचे आढळले. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी स्वायत्तता, कार्यक्षमतेची जाणीव आणि इतरांशी जिव्हाळ्याचे नाते या तीन मूलभूत मानसिक गरजांवर आधारलेला सिद्धांत मांडला. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांच्या १९९९ मधील अभ्यासानुसार, जी ध्येये व्यक्तीच्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळतात, त्यांसाठीचे प्रयत्न अधिक काळ टिकतात आणि ती साध्य झाल्यावर मिळणारे समाधानही अधिक असते. कार्स्टन व्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. अप्राप्य झालेल्या ध्येयातून मन काढून घेणे आणि नव्या अर्थपूर्ण ध्येयात ते गुंतवणे, या दोन्ही क्षमतांचा मानसिक स्वास्थ्याशी संबंध असल्याचे त्यांना आढळले.

एका व्यक्तीच्या चरित्राने सिद्धांत सिद्ध होत नाही. तरीही सप्रे यांच्या आयुष्यातील बदल या संशोधनाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतो. राजद्रोहाचा खटला निर्भयपणे झेलणारा संपादक होणे आता त्यांना शक्य नव्हते. ती संधी निघून गेली होती. परंतु मराठीतील विचारधन हिंदीत नेणे आणि लोकशिक्षण करणे हा त्यांचा मूळ हेतू अबाधित होता. त्यांनी साधन बदलले, हेतू बदलला नाही.

रायपूर येथे त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी महिला पाठशाळा स्थापन केली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांनीच केला. ज्या तुरुंगवासापासून ते स्वतः मागे फिरले होते, त्याच तुरुंगवासाचे सर्वांत मोठे फळ त्यांच्या लेखणीतून हिंदी वाचकांच्या हाती गेले. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा हिंदी अनुवादही त्यांनी केला.

१९२० मध्ये जबलपूर येथून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले. त्यामागे सप्रे यांची प्रेरणा होती. परंतु संपादकपद माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे देण्यात आले. मागे राहून इतरांना घडवण्याची ही वृत्ती त्यांच्या उत्तरायुष्यात ठळकपणे दिसते. क्षमापत्राची सल त्यांनी कोणाला दोष देण्यात घालवली नाही. तिचे रूपांतर त्यांनी कामात केले. ज्या समाजाने त्यांच्याकडे एकेकाळी पाठ फिरवली होती, त्यानेच पुढे त्यांना सन्मानित केले. १९२४ मध्ये देहरादून येथे झालेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले.

२३ एप्रिल १९२६ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. भोपाळ येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या समाचारपत्र संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले असून, जुन्या वृत्तपत्रांचा आणि नियतकालिकांचा मोठा ठेवा तेथे जतन केला आहे. अवघी तीन वर्षे चाललेले मासिक आणि एका अटकेने खंडित झालेले साप्ताहिक काढणाऱ्या संपादकाचे हे स्मारक आहे. आयुष्यातील एका माघारीवरून माणसाची अखेरची किंमत ठरवता येत नाही, याचीही ते आठवण देते.