भाषा घडवणारा भाविक : जे. आर. आर. टोल्किन



‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले आणि आपल्याकडील तरुणांनीही ते आवडीने पाहिले. ज्या कादंबरीवरून ते घेतले, तिचे लेखक जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन हे श्रद्धावंत कॅथॉलिक होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्या कथेतील एल्फ नावाचे अमर लोक ज्या भाषा बोलतात, त्या म्हणजे नुसती तोंडाला येईल ती बडबड नव्हे. त्यांना व्याकरण आहे, शब्दसंग्रह आहे, लिपी आहे, इतिहासही आहे. टोल्किन यांनी त्या स्वतः रचल्या आणि जवळजवळ साठ वर्षे त्यांवर काम केले. ज्या भाषेत कोणी बाजारहाट करणार नाही, कोणी आपल्या बाळाला हाक मारणार नाही, तिच्यासाठी एका विद्वान माणसाने इतकी वर्षे का वेचावीत? उत्तर शोधायचे तर आपल्याला त्यांच्या आईपासून सुरुवात करावी लागेल.

टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील तेथे बँकेत नोकरीला होते. आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आल्या असताना, १८९६ साली वडील तिकडेच वारले. मेबल यांनी मुलांना घरीच शिकवले. लॅटिन, फ्रेंच आणि जर्मन या भाषांची गोडी रोनाल्डला आईकडूनच लागली.

१९०० साली मेबल यांनी कॅथॉलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. माहेरची आणि सासरची माणसे प्रॉटेस्टंट पंथांची. त्यांना हे मुळीच रुचले नाही. नातेवाइकांकडून मिळणारी पैशांची मदत बंद झाली. त्या विधवा आईने ओढाताण सोसली, पण श्रद्धा सोडली नाही. १९०४ साली मधुमेहाने त्यांचे निधन झाले. त्या अवघ्या ३४ वर्षांच्या होत्या. इन्सुलिनचा शोध लागायला अजून १७ वर्षे होती. रोनाल्ड तेव्हा १२ वर्षांचा होता. आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले, अशीच त्याची पुढे आयुष्यभर भावना राहिली.

मेबल यांनी मुलांचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्यावर सोपवले होते. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी बर्मिंगहॅम येथे स्थापन केलेल्या ऑरेटरीचे हे धर्मगुरू. दोन्ही भाऊ सकाळी त्यांच्या मिस्साला सेवा करीत आणि मग शाळेत जात. फादरांनी स्वतःच्या पैशांतूनही या मुलांचा खर्च चालवला. त्यांच्याकडील स्पॅनिश पुस्तके घेऊन रोनाल्डने ‘नाफारिन’ नावाची एक भाषा रचायला घेतली. त्याआधी मामे-मावस भावंडांत चालणाऱ्या ‘नेव्हबॉश’ नावाच्या गमतीच्या भाषेत त्याने भर घातली होती. मुले शब्दांची उलटापालट करून गुप्त भाषा बोलतात, तसाच हा खेळ होता. इतर मुलांचा खेळ सुटला. त्याचा सुटला नाही.

ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांच्या हाती फिनिश भाषेचे व्याकरण पडले. तिच्या नादाने ते भारावून गेले आणि १९१५ च्या सुमारास ‘क्वेन्या’ ही भाषा आकार घेऊ लागली. पुढे वेल्श भाषेच्या धाटणीवर ‘सिंदारिन’ घडली. या दोन्ही भाषा एकाच प्राचीन भाषेच्या लेकी आहेत असे त्यांनी कल्पिले, आणि उच्चार कसकसे बदलत गेले याचे नियमही बसवले. आपल्याकडे संस्कृत ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि मराठीत ‘हात’ झाला, तसेच हे. एकाच मूळ शब्दावरून क्वेन्यात झाडाला ‘आल्दा’ म्हणतात आणि सिंदारिनमध्ये ‘गालध’. त्यांनी तयार केलेल्या लिपीची मांडणी पाहिली तर आपल्याला परकी वाटत नाही. देवनागरीत क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग असे उच्चारस्थानाप्रमाणे गट असतात, त्याच तत्त्वावर ती उभी आहे.

१९१६ साली एडिथ यांच्याशी विवाह झाला आणि काही आठवड्यांतच त्यांना फ्रान्सच्या रणभूमीवर जावे लागले. सोमच्या भीषण लढाईत ते होते. खंदकातील तापाने आजारी पडून ते परत आले. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांपैकी दोघे त्या वर्षी गेले. या दुःखातून उठताना त्यांनी आपल्या भाषांसाठी लोक आणि त्या लोकांच्या कथा लिहायला घेतल्या.

येथे आपण थोडे थांबू या. आधी कथा सुचली आणि मग तिला शोभा म्हणून भाषा जोडली, असे आपल्याला वाटते. टोल्किन यांचे म्हणणे नेमके उलट होते. भाषा आधी आल्या आणि त्यांना राहायला जग हवे म्हणून कथा आल्या. ज्या भाषेला स्वतःच्या दंतकथा नाहीत ती निर्जीव राहते, असे त्यांचे मत होते. नियम आणि शब्द म्हणजे केवळ हाडांचा सांगाडा. माणसांचे हसणे-रडणे, त्यांचे पूर्वज, त्यांची गाणी त्यात आली की भाषा श्वास घेऊ लागते. १९३७ साली ‘द हॉबिट’ आणि १९५४-५५ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रसिद्ध झाले, ते या ध्यासातून. हा सगळा काळ ते प्राध्यापकाची नोकरी करीत होते आणि चार मुलांचा संसार सांभाळत होते. थोरला मुलगा जॉन १९४६ साली धर्मगुरू झाला.

मनुष्य निर्माण करतो, कारण तो निर्माणकर्त्याच्या प्रतिमेचा आहे, अशी टोल्किन यांची धारणा होती. देवाच्या सृष्टीशी स्पर्धा करायची नाही, तिच्या छायेत बसून तिचेच अनुकरण करायचे. १९५० च्या दशकात त्यांनी प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि आणखी काही प्रार्थना क्वेन्या भाषेत आणल्या. त्या त्यांच्या मृत्यूनंतर, २००२ साली छापल्या गेल्या. प्रभूच्या प्रार्थनेतील पहिला शब्द आहे ‘आतारेम्मा’. ‘आतार’ म्हणजे पिता, आणि शेवटच्या प्रत्ययाचा अर्थ ‘आमचा’. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच शब्द आहे. क्वेन्यात, मराठीप्रमाणेच, दोन वेगळी रूपे आहेत. टोल्किन यांनी येथे ‘आमचा’ निवडला, कारण ज्याला हाक मारायची तो पिता त्या ‘आम्ही’मध्ये मोजला जात नाही. आपणही मराठीत तसेच म्हणतो. पण त्या प्रार्थनेत त्यांच्याबरोबर ‘आम्ही’ म्हणणारे गाव पृथ्वीवर कोठेच नव्हते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा इंग्रजीत होऊ लागली, तेव्हा त्यांना ते जड गेले. इंग्रजी मिस्सातही ते मोठ्याने लॅटिनमध्येच उत्तरे देत, अशी आठवण त्यांच्या नातवाने सांगितली आहे. याबाबतीत आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. लोकांच्या भाषेत वेदीवर उभे राहणे ही आम्हांला कृपा वाटते. तरीही रुसून ते ख्रिस्तसभेपासून दूर गेले नाहीत. बायबलच्या १९६६ च्या ‘जेरुसलेम बायबल’ या इंग्रजी आवृत्तीसाठी त्यांनी योनाच्या पुस्तकाच्या भाषांतरात हातभार लावला. आणि श्रद्धा डळमळू लागली तर वारंवार कम्युनियन घेणे हाच उपाय, असे त्यांनी १९६३ साली एका मुलाला पत्रातून सांगितले होते.

१९७१ साली एडिथ गेल्या आणि २ सप्टेंबर १९७३ रोजी टोल्किनही प्रभूकडे गेले. त्यांच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण केले ते धर्मगुरू असलेल्या त्यांच्याच मुलाने. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत, कॅथॉलिकांसाठी राखलेल्या भागात, दोघे एकाच थडग्यात विसावले आहेत. दगडावर त्यांच्या नावांखाली त्यांच्या कथेतील दोन प्रेमिकांची नावे कोरली आहेत : लूथिएन आणि बेरेन.

बंधुभगिनींनो, टोल्किन यांना भाषा होती, पण ती बोलणारी माणसे कल्पनेने निर्माण करावी लागली. आपल्याकडे माणसे आहेत. घरात आजी-आजोबा आहेत, मराठी आहे, कोठे सामवेदी, वाडवळी किंवा कोंकणी आहे. तरी संध्याकाळची प्रार्थना मुलांकडून पाठ म्हणून घ्यायची, कथा मात्र एकही सांगायची नाही, असे अनेक घरांत होते. केवळ नियमांवर भाषा जगत नाही, तशी श्रद्धाही जगत नाही. मेबल यांनी आपल्या मुलांना शब्द दिले आणि त्याबरोबर स्वतःचे आयुष्य दिले. या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून, आपल्या घरची श्रद्धेची एखादी खरी गोष्ट घरच्या भाषेत मुलांना सांगू या. आजी कोणत्या संकटात कोणती प्रार्थना म्हणत असे, एवढे सांगितले तरी पुरे. मग सर्वांनी मिळून ‘आमच्या’ पित्याला हाक मारू या.