उपेक्षा, क्रोध आणि नेवाशाचा खांब

अपमान सोसलेल्या मुलाचे पुढे काय होते, या प्रश्नाला आपल्या लोकप्रिय चित्रपटांनी एक ठरावीक उत्तर देऊन ठेवले आहे. १९७५ च्या ‘दीवार’मध्ये बापाच्या कलंकाची अक्षरे मुलाच्या हातावर गोंदली जातात; मोठेपणी तो गुन्हेगारीच्या वाटेने जातो आणि प्रेक्षक त्याला डोक्यावर घेतात. या उत्तराला मानसशास्त्राचाही आधार दिसतो. १९३९ साली येल विद्यापीठातील जॉन डोलार्ड प्रभृती अभ्यासकांनी वैफल्य आणि आक्रमकता यांचे नाते कार्यकारणाचे आहे, असा सिद्धांत मांडला होता.

सातशे वर्षांपूर्वी असाच बापाचा कलंक चार भावंडांच्या कपाळी आला. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसार स्वीकारला, म्हणून आळंदीने त्यांचे कुटुंब वाळीत टाकले. मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते; तरीही मुलांवरील बहिष्कार उठला नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या धर्मपीठापुढे उभे राहावे लागले. सिद्धांताप्रमाणे पाहता या मुलांच्या हातून सूडाखेरीज दुसरे काही घडावयास नको होते.

ज्ञानदेवांना क्रोध आलाच नाही, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. लोकनिंदेने व्यथित होऊन त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताबाईने आर्जवे करून ती उघडविली, अशी कथा वारकरी परंपरेने जिवापाड जपली आहे. या कथेतले मर्म असे, की बंद दाराबाहेर कोणीतरी आपले माणूस उभे होते.

पुढे प्रवरेकाठी नेवाशात ती ताटी खऱ्या अर्थाने उघडली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. रूढ जन्मसाल १२७५ धरले, तर त्या वेळी त्यांचे वय अवघे पंधरा. ज्या संस्कृत विद्येच्या मक्तेदारांनी त्यांना झिडकारले, तीच विद्या त्यांनी सुमारे नऊ हजार ओव्यांतून मराठीत सर्वांसाठी खुली केली. ग्रंथाच्या शेवटी मागितलेले पसायदानही अवघ्या विश्वासाठी आहे. दुर्जनांचा नाश न मागता त्यांची कुटिलता जावी, एवढेच त्यात मागितले आहे.

मग सिद्धांत खोटा ठरला काय? तसे नव्हे. त्याच गटातील नील मिलर यांनी १९४१ मध्येच स्पष्ट केले, की आक्रमकता ही वैफल्याच्या अनेक परिणामांपैकी केवळ एक होय. कोणता परिणाम घडेल, हे पुष्कळदा भोवतालची माणसे ठरवितात. ज्ञानदेवांना निवृत्तिनाथांसारखा वडीलबंधू गुरू म्हणून लाभला, मुक्ताबाईसारखी बहीण लाभली, ऐकणारे श्रोते आणि लिहून घेणारा लेखक लाभला.

परीक्षेत नापास झालेला, नोकरीसाठी उंबरठे झिजविणारा तरुण आज संतापला, की आपण त्याला चित्रपटांचा परिणाम म्हणून निकालात काढतो. परंतु आळंदीने वाळीत टाकलेल्या मुलाला नेवाशाने श्रोते दिले, म्हणून मराठीला ज्ञानेश्वरी मिळाली. आपली गावे, आपल्या शाळा आणि कचेऱ्या त्या तरुणाच्या बाबतीत आळंदी होणार की नेवासे, याचा निर्णय त्याच्या हाती नाही. तो आपल्या हाती आहे.